घराखालची ओल: पाणी कधी येतं ते आधी बघा

गेल्या वेळच्या सदरात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की ज्यांच्या घराखाली क्रॉल स्पेस आहे त्यांनी वर्षातून दोनदा तरी टॉर्च घेऊन खाली डोकवावं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, क्रॉल स्पेस म्हणजे घराची फरशी आणि खालची माती यांच्यामधली दोन-तीन फुटांची पोकळी, तिथे उभं राहता येत नाही, रांगतच जावं लागतं, आणि नळाचे पाइप, सांडपाण्याचे ड्रेन, वायरी, एसीची हवा नेणारे डक्ट असं सगळं बऱ्याचदा तिथूनच फिरवलेलं असतं. तिकडे कुणी फिरकत नाही म्हणून तिथली गळती महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही.

पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय की काय लावू, म्हणजे कुठला पंखा, कुठलं प्लास्टिक, कुठलं केमिकल, पण पाणी नेमकं कधी येतं हे फार थोड्यांनी लिहिलंय. रात्रंदिवस येतं, का अंघोळीनंतर, का पावसानंतर, का उकाड्याच्या दिवसांत? हे कळलं की पाणी कुठल्या वाटेने येतंय ते निम्मं समजलंच, म्हणून खालच्या जवळपास प्रत्येक उत्तरात मी याच प्रश्नावर येणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न: ताई, तीन महिन्यांपासून पाण्याचं बिल वाढत चाललंय, घरात माणसं तेवढीच, वापर तेवढाच. एकही नळ गळत नाही, भिंतीला ओल नाही. नवरा म्हणतो मीटरच खराब असेल. खाली उतरून बघायची भीती वाटते, वरूनच काही कळेल का?

उत्तर: कळेल, आणि आज रात्रीच कळेल. झोपायच्या आधी सगळे नळ बंद करा, वॉशिंग मशीन, डिशवॉशर, पाणी शुद्ध करायचं यंत्र, बागेचा टायमर सगळं बंद, आणि मीटरचं रीडिंग अगदी शेवटच्या लाल आकड्यापर्यंत लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. दोन तास कुणी फ्लशसुद्धा करायचा नाही. मग परत बघा. आकडा सरकला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. बऱ्याच मीटरवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते, ती अगदी बारीक प्रवाहालाही फिरते, सगळं बंद असताना ती हळूहळू फिरताना दिसली तर दोन तास थांबायचीही गरज नाही.

आता पुढची पायरी, आणि ही लोक सोडून देतात. घरात शिरणाऱ्या पाइपवरचा मेन कॉक बंद करा आणि पुन्हा मीटर बघा. तरीही फिरतंय म्हणजे गळती मीटर आणि घर यांच्यामधल्या, जमिनीतून येणाऱ्या पाइपला आहे. थांबलं म्हणजे गळती कॉकच्या पुढे, घराच्या लाइनवर. मग मेन कॉक उघडून एकेक फाटा बंद करत जायचं, आधी कमोडचे कॉक, मग गीझरला जाणारं थंड पाणी. गीझरचा कॉक बंद केल्यावर मीटर थांबलं तर गळती गरम पाण्याच्या लाइनला आहे, आणि मग तुमचं विजेचं किंवा गॅसचं बिलही वाढलेलं असणार, ते काढून बघा. गरम पाइप फरशीखाली गळत असेल तर अनवाणी चालताना एखादी जागा उबदार लागते, हे मला एका वाचिकेने कळवलं होतं, तिला वाटायचं तिथे ऊन येतं.

कमोडची टाकी वेगळी तपासा. टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, खालच्या भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. आवाज नाही, थेंब नाही, काही नाही, आणि पाणी सारखं जात असतं. बिल वाढण्याचं हे अगदी कॉमन कारण आहे, आणि तेवढंच निघालं तर खाली उतरायचीही गरज नाही.

पण कमोड ठीक असेल आणि मीटर तरीही फिरत असेल तर मात्र खाली बघावंच लागेल, तुम्ही नाही तर प्लंबर. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे साधारण वीस लिटरची एक बादली, रोज, तुमच्या फरशीखालच्या मातीत. आणि प्रेशरच्या लाइनचं छिद्र आपोआप भरून येत नाही, ते मोठंच होत जातं. तांब्याच्या पाइपवर हिरवट डाग, लोखंडी पाइपवर जॉइंटपाशी गंजाची फुगलेली पुटं, खाली मातीत थेंब पडून झालेला छोटा खड्डा, अशा खुणा दिसतात. मीटर खराब असण्याची शक्यता सगळ्यात शेवटी धरा.

प्रश्न: आमच्या बाथरूमच्या बरोब्बर खाली क्रॉल स्पेसमध्ये फळ्या काळ्या पडल्यात आणि माती चिखल झालीये. प्लंबरने मीटर बघितलं, मीटर हलत नाही, म्हणून तो म्हणाला गळती नाहीच, ही जुनी ओल आहे. आम्ही पंखा लावला पण माती वाळत नाही. काय करू?

उत्तर: दादा, मीटर हलत नाही याचा अर्थ एवढाच की नळाच्या, म्हणजे कायम प्रेशर असलेल्या लाइनला गळती नाही. ड्रेनची गळती मीटरला कधीच कळत नाही कारण ते पाणी मीटरमधून आधीच मोजून येऊन, वापरून खाली चाललेलं असतं. ड्रेन फक्त वापरताना गळतो, दहा मिनिटं, मग बंद, आणि प्लंबर दुपारी येतो तेव्हा सगळं शांत असतं. हे मला फार कळकळीने सांगायचंय, कारण "मीटर ठीक आहे" या एका वाक्यावर लोक वर्ष वर्ष गप्प बसतात आणि तोवर खालचं लाकूड जातं.

तर असं करा. एक जण खाली टॉर्च घेऊन, एक जण वर, फोन चालू ठेवून. आणि सगळं एकदम सोडू नका, एकेक करा, प्रत्येक पायरीनंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

आधी एक बादली पाणी थेट बाथरूमच्या फरशीतल्या जाळीच्या भोकात ओता, भिंतीला किंवा फरशीला न लागता. आता खाली ठिबकलं तर ड्रेनचा पाइप किंवा ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं वळण. नाही ठिबकलं तर जाळी रबरी बुचाने किंवा कापडाचा बोळा कोंबून बंद करा आणि तळात बोटभर पाणी साठवून तासभर ठेवा. आता ठिबकलं तर तळाची वॉटरप्रूफिंग किंवा जाळीच्या भोवतीचा जॉइंट. तेही कोरडं गेलं तर शॉवर चालू करा पण सगळं पाणी बादलीत धरा, भिंतीवर उडू देऊ नका. का, तर शॉवरच्या कॉकपासून वर जाणारा जो भिंतीतला पाइप आहे त्यात फक्त शॉवर चालू असतानाच प्रेशर येतं, त्याचं लिकेज मीटरलाही दिसत नाही आणि ड्रेनच्या टेस्टलाही दिसत नाही, नेमकं हेच राहून जातं. सगळ्यात शेवटी भिंतीवर पाणी मारा, टाइल्सच्या सांध्यातून, कोपऱ्यातून झिरपतं का बघायला.

कमोडवर बसल्यावर तो किंचित हलतो का, तेही बघा. खाली मेणाची किंवा रबराची जी रिंग असते ती हलण्याने सुटते आणि प्रत्येक फ्लशला थोडं पाणी बाहेर. ते सांडपाणी असतं हे लक्षात घेऊन खालची माती उघड्या हाताने चाचपू नका. आणि पंखा तूर्त बंद करा, गळती चालू असताना पंखा फक्त ती ओल घराखाली सगळीकडे पसरवतो.

प्रश्न: उन्हाळ्यात घरात कुबट वास येतो, पुस्तकांना, कपाटातल्या कपड्यांना. खाली बघितलं तर सगळेच पाइप ओले, डक्टवरून पाणी टपकतंय. एक जण म्हणाला क्रॉल स्पेसच्या बाहेरच्या भिंतीतल्या हवेच्या जाळ्या अजून वाढवा, हवा खेळू दे. जाळ्या वाढवल्या, दोन पंखे लावले, आणि वास वाढला! असं कसं?

उत्तर: काकू, तुम्हाला सल्ला देणाऱ्याने मनापासूनच दिला असणार, पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलंय की हवा खेळली की ओल जाते. पण हवा कुठली, कोरडी की दमट, हे बघावं लागतं. बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू येतो २१ अंशाच्या आसपास. म्हणजे २१ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही गोष्टीला ती हवा लागली की तिथे पाणी सुटणार. तुमच्या घराखाली माती गार, थंड पाण्याचा पाइप गार, एसीचा डक्ट तर त्याहून गार. तुम्ही पंख्याने आत ढकलताय ते खरं तर पाणीच आहे. थंड बाटली टेबलावर ठेवली की तिच्याखाली जसं तळं होतं, तसंच.

हा घाम आहे की गळती हे ओळखायला सोपी युक्ती: पाइप कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळा, दुसरा टिश्यू जॉइंटपासून दोन-तीन फुटांवर सरळ पाइपला गुंडाळा. तासाभराने दोन्ही सारखेच ओले म्हणजे घाम. जॉइंटचाच भिजला म्हणजे गळती. तुम्ही लिहिलंय सगळेच पाइप ओले, म्हणून मी घामाकडे झुकतेय, पण टेस्ट करा.

वास वर का येतो तर घरातली उबदार हवा वर चढते आणि वरच्या फटींमधून बाहेर पडते, तिची जागा घ्यायला खालून हवा ओढली जाते, फरशीतल्या पाइपांच्या भोकांतून, फळ्यांच्या सांध्यांतून. एसी थंड करत असेल तेव्हा ही ओढ कमी होते, पण मग डक्टच्या फटीतून तीच हवा घरभर जाते. म्हणजे खाली जे आहे ते तुम्ही श्वासात घेताय, दमा असलेलं कुणी घरात असेल तर हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

पंखे बंद करा आणि दमट दिवसांत जाळ्या झाकून ठेवा, मात्र खाली गॅसचा गीझर किंवा हीटर असेल तर त्याला हवा लागते, तिथे जाणकाराला विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका. कोरड्या थंडीत जाळ्या उघड्या ठेवल्या तर उलट फायदा होतो, तेव्हा बाहेरची हवा खरंच कोरडी असते. थंड पाइपांना फोमची नळी चढवा, डक्टचं फाटलेलं इन्सुलेशन नीट करा, उघडी माती जाड प्लास्टिकने झाका. आणि दोन गोष्टी नक्की शोधा: एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी खालीच तर सुटलेली नाही ना, आणि कपडे वाळवायच्या मशीनचा गरम वाफेचा पाइप खालीच तर उघडत नाही ना. दमट हवेत अख्ख्या घराचा एसी दिवसाला वीस लिटर किंवा जास्तही पाणी काढतो, ते सगळं जर खाली पडत असेल तर बाकीचे उपाय व्यर्थ आहेत. एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, खाली ठेवा, एक बाहेर. खालचा आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा.

प्रश्न: जोराचा पाऊस झाला की एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि भिंतीवर पांढरी पावडर येते. ही बुरशी आहे का? विषारी असते का?

उत्तर: पांढरी पावडर बोटाने चुरगळते का आणि पाण्याच्या थेंबात विरघळते का बघा. विरघळली तर ते क्षार आहेत, भिंतीतून पाणी झिरपून येताना सोबत आणतं आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. विषारी नाहीत, ब्रशने निघतात, पण पाणी भिंतीतून येतंय याचा तो पुरावा आहे, म्हणून नुसता पुसून टाकू नका, आधी फोटो काढा आणि पावडर कुठपर्यंत चढलीये तिथे खडूने रेघ मारा.

पावसानंतरच येतंय म्हणजे आत काही करायच्या आधी बाहेर जा, छत्री घेऊन, पाऊस चालू असतानाच. १०० चौरस मीटरच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २,५०० लिटर पाणी होतं. ते पन्हाळीतून खाली येऊन नेमकं कुठे पडतंय? बहुतेक त्याच कोपऱ्यात. पन्हाळीतला पाला काढा, खाली उतरणारा पाइप भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर लांब न्या, आणि घराभोवतीची जमीन भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतरती करा, तीन मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर उतार. भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे असतील आणि त्यांना रोज पाणी घालत असाल तर तेही हलवा. एवढं करून एक मोठा पाऊस जाऊ द्या आणि खडूची रेघ बघा, पाणी तरीही आलं तर मग आतली नाली आणि पंप यांचा विचार करायचा.

प्रश्न: ठेकेदार म्हणतो सगळी क्रॉल स्पेस जाड प्लास्टिकने पॅक करून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावू, सगळं संपेल. खर्च बराच आहे. खालचे दोन वासे मऊ लागतात, तो म्हणतो प्लास्टिक घातलं की आपोआप वाळतील. करून घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. पॅकिंग चांगलं काम आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण ते सगळ्यात शेवटी करायचं असतं. गळती चालू असताना प्लास्टिक घातलं तर पाणी प्लास्टिकच्या वर साचतं, मातीत जिरायचा रस्ताही बंद, आणि आता कुणी बघतही नाही कारण सगळ्यांना वाटतं काम झालंय. माझ्या स्वतःच्या घरी मी एक अख्खा सीझन डीह्युमिडिफायर चालवला, त्याची टाकी रोज भरायची आणि मला वाटायचं काय छान काम करतोय, आणि सिंकच्या ड्रेनचा सांधा वरून तेवढंच पाणी रोज घालत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या सीझनमध्ये एक वासा टोकाला गेला, तो वाचला असता याचं मला अजून वाईट वाटतं.

मऊ वाशांचं आधी बघू. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडात जोर देऊन खुपसा. चांगलं लाकूड विरोध करतं, उचकटलं तर लांब धागेदार ढलपी निघते. कुजलेल्यात टोक सहज शिरतं आणि तुकडा भुसभुशीत मोडतो, किंवा चौकोनी भेगा पडलेल्या दिसतात. टोकांना, जिथे वासा भिंतीवर किंवा खांबावर टेकतो तिथे जास्त खुपसून बघा, ओल तिथेच धरते आणि वजनही तिथेच असतं. खुपसलेलं टोक सेंटिमीटरभर आत गेलं तर ठेकेदार नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. कुजलेलं लाकूड वाळलं तरी त्याची ताकद परत येत नाही, त्याच्या शेजारी नवा वासा जोडावा लागतो किंवा बदलावा लागतो. आणि मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून लाकडाकडे चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी, ओलीच्या मागे ती येतेच, तिचं वेगळं काम करून घ्या.

लाकडातला ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन सुयांचं. २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, ३० च्या आसपास गेलं की तिला रान मोकळं. ज्याला ड्राय रॉट म्हणतात त्या बुरशीचं नाव कोरडं असलं तरी तिलाही सुरुवातीला ओल लागतेच, नावावर जाऊ नका.

म्हणजे ठेकेदाराशी बोलताना क्रम असा धरा की आधी पाण्याचं कारण सापडून बंद, मग वाशांमध्ये लटकलेलं भिजलेलं फायबरचं इन्सुलेशन काढून टाकणं, ते स्पंजासारखं पाणी लाकडाला चिकटवून ठेवतं, मग वाळवणं, याला कधी कधी काही आठवडे लागतात, दर आठवड्याला त्याच पाच-सहा जागी मीटर लावून आकडे वहीत लिहा, आणि आकडे १५-१६ वर स्थिर झाले की मग प्लास्टिक. प्लास्टिक निदान ०.१५ मिलिमीटर जाडीचं, वर कुणी रांगणार असेल तर त्याहून बरंच जाड, दोन पट्ट्या एकमेकींवर फूटभर चढवून टेप लावलेल्या. तो जर म्हणाला की मोजायची काही गरज नाही, तर दुसरा ठेकेदार शोधा. बुरशी हातभर जागेत असेल तर साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो, लाकडावर ब्लीच ओतू नका, रंग उडतो आणि त्यातलं पाणी उलट आत मुरतं. एका चौरस मीटरच्या वर पसरली असेल तर माहीतगार माणसाला द्या.

विमा असेल तर काहीही काढायच्या आधी तारखेसकट फोटो काढून ठेवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये अचानक फुटलेला पाइप आणि हळूहळू झिरपून झालेलं नुकसान यात फरक करतात, आणि उशिरा कळवलं तर वाद होतो.

प्रश्न: थर्मल कॅमेऱ्याने गळती सापडते ना? मग एवढी खटपट कशाला?

उत्तर: कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. गरम पाइपची गळती छान दिसते, ओली जागा वाळताना गार होते म्हणून तीही दिसते, पण खोलीच्या तापमानाचं पाणी त्याला ओळखू येईलच असं नाही, आणि गार हवेचा झोत त्याला ओलीसारखाच दिसतो. कॅमेऱ्याने जागा सुचवायची, ओलावा मोजायच्या मीटरने खात्री करायची. जमिनीतल्या पाइपची गळती सापडतच नसेल तर आवाजावरून शोधणारे किंवा पाइपात हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण भरून वर हुंगणारं यंत्र वापरणारे लोक असतात, त्यांना बोलवायचं. रोजच्यासाठी मात्र पाणी लागलं की वाजणारा छोटा अलार्म खालच्या सगळ्यात खोलगट जागी ठेवा, बॅटरीवर चालतो, आणि हे सगळ्यात स्वस्तातलं चांगलं काम आहे.

प्रश्न: माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, सगळी कामं स्वतः करतात, आणि कुणी घरी नसताना एकटेच क्रॉल स्पेसमध्ये जातात. ऐकत नाहीत. तुम्ही काही सांगाल का?

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि हे त्यांना वाचून दाखवा. काका, तुम्हाला काम येतं यात शंका नाही, पण खाली पाणी आणि वायरी एकाच जागी असतात. पाणी साचलेलं दिसलं तर आत पाऊल टाकू नका, आधी वीज बंद, आणि मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर इलेक्ट्रिशियनला फोन. गॅसचा वास आला तर टॉर्चसुद्धा तिथे चालू-बंद करायचा नाही, जसे आहात तसे बाहेर. एन-९५ मास्क, हातमोजे, गुडघ्याला पॅड, लांब बाह्या. उंदरांच्या लेंड्या असतील तर कोरड्या झाडू नका, त्याची धूळ नाकात जाणं धोक्याचं असतं, जंतुनाशकाने ओल्या करून मग पुसा. जुन्या पाइपांवर राखाडी-पांढरं प्लास्टरसारखं आवरण असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तपासून घेईपर्यंत खरवडू नका. आणि एकट्याने मुळीच नाही. वर दाराशी कुणीतरी बसलेलं हवं, दर पाच मिनिटांनी हाक मारायची आणि खालून ओ द्यायची, ओ आली नाही तर वरच्याने घाईने आत घुसायचं नाही, आधी वीज बंद करून मदतीला फोन लावायचा.